चांदी कुठे झिजली

आमच्या बँडमध्ये मी कॉर्नेट, म्हणजे छोटं ट्रम्पेट, वाजवतो, असं माझं मत आहे. बाकीच्यांच्या मते मी ते नुसतं धरतो.

वरातीसाठी आम्ही आबासाहेब रणनवऱ्यांच्या बंगल्यावर जमलो होतो. आबासाहेबांनी काचेच्या कपाटातलं जुनं कॉर्नेट काढून पाहुण्यांपुढे मिरवलं. "संस्थानच्या बँडमास्तरांनी हे हयातभर रोज वाजवलंय. आणि चांदीचा मुलामा बघा, जसाच्या तसा!"

"मग ते वाजवलेलंच नाही," मी बोलून गेलो. माझं कॉर्नेट हवं तेव्हा वाजत नाही, तोंड मात्र नको तेव्हा वाजतं.

"सिद्ध कर," आबासाहेब गरजले, "नाहीतर तुमचा बँड आल्या पावली परत!"

सगळा बँड माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघायला लागला. मी माझं कॉर्नेट त्यांच्या कॉर्नेटशेजारी ठेवलं. डाव्या हाताची पकड असते तिथली माझी चांदी उडून पितळ दिसत होतं. त्यांची तीच जागा आरशासारखी लखलखत होती. झिजली होती ती फक्त भोंग्यावरची नक्षी.

"आबासाहेब, बँडमास्तर हात न लावता वाजवत असतील, तर मी हरलो. हे झिजलंय ते तुमच्या गड्याच्या फडक्यानं."

पाहुण्यांत हशा पिकला. आबासाहेब चिडले, "आणि तुझं एवढं झिजलं, म्हणजे तू मोठा उस्ताद काय?"

"छे हो! सूर चुकला की मला घाम फुटतो. त्या घामानं चांदी खाल्ली."

आता आबासाहेबांनाही हसू आवरेना. वरात निघाली, आणि पहिल्याच गाण्यात त्यांना माझ्या घामाचा पुरावा मिळाला.