शिस्तीचे दहा गुण

बोरखेडीच्या अंगणवाडीने मानांकन मिळवायचंच, असा हुकूम सुटला आणि सेविका मंदाबाईंच्या टेबलावर चौदा रजिस्टरं येऊन आदळली. दोन महिने बाई नुसत्या लिहीत होत्या. गाणी बंद पडली. तपासणीत तुटकी दिसायला नकोत म्हणून खेळणीही कपाटात गेली.

तपासणीला कोंडेकर साहेब आले. बावीस मुलं हाताची घडी घालून गप्प बसलेली. साहेब खूश! "वा! शिस्तीला दहापैकी दहा!" म्हणत त्यांनी गुण मांडून सही ठोकली. मग मुलांच्या प्रगतीचं रजिस्टर उघडलं आणि कपाळाला आठ्या पडल्या.

"बाई, 'मूल काय शिकलं' हा रकाना कोरा? दोन महिने झोपा काढल्यात? भरा आत्ता, माझ्यासमोर. आणि खरं तेच लिहा!"

मंदाबाईंनी पेन उचललं आणि बावीसही नावांपुढे एकच ओळ लिहिली: 'बाई लिहीत असताना गप्प बसायला शिकलं.'

"हे काय?" साहेब ओरडले.

"खरं तेच, साहेब. याचे दहापैकी दहा तुम्हीच दिलेत."

साहेबांनी रजिस्टर मिटलं. महिन्याभरात प्रमाणपत्र येऊन भिंतीवर लागलं. त्याखाली मुलं अजून घडी घालूनच बसतात. खेळा म्हटलं, तरी आधी बाईंच्या पेनाकडे बघतात.