सात कुलपे आणि एक शेंग

उंच भिंत तुरुंगाची. भिंतीबाहेर चिंच. चिंचेवर राहत असे झुपकी खार.

रोज सकाळी सगुणा घराची खिडकी उघडत असे आणि झुपकीला भुईमुगाची एक शेंग देई. आज खिडकी बंद. आज शेंग नाही.

झुपकी गेली तुरुतुरु, तुरुतुरु. काचेवर टकटक.

“सगुणाताई, माझी शेंग?”

“खॉक खॉक. बाबा बरे झाल्याशिवाय मी बरी होणार नाही.”

सगुणाचे बाबा तुरुंगातले शिपाई. झुपकी गेली तुरुतुरु, तुरुतुरु.

“शिपाईकाका, बरे व्हा.
सगुणा उठेना,
शेंग मिळेना.”

“खॉक खॉक. मी कोठडीपाशी पहारा देतो. आतले आजोबा बरे झाल्याशिवाय मी बरा होणार नाही.”

गजांआड होते दगडूआजोबा. झुपकी गेली तुरुतुरु, तुरुतुरु.

“आजोबा, बरे व्हा.
काका बरे होईनात,
सगुणा उठेना,
शेंग मिळेना.”

“खॉक खॉक. हौसेने कोण खोकते, बाळ? आम्ही वीस जण, खिडकी एक. डॉक्टरीणबाई आल्याशिवाय मी बरा होणार नाही.”

झुपकी गेली तुरुतुरु, तुरुतुरु. वाटेत दूधवाला खोकत होता. भाजीवाली खोकत होती.

“बाई, चला.
आजोबा बरे होईनात,
काका बरे होईनात,
सगुणा उठेना,
शेंग मिळेना.”

“तीनदा जाऊन परत आले मी. साहेबांनी कुलूप काढल्याशिवाय मी आत जाणार कशी?”

झुपकी गेली तुरुतुरु, तुरुतुरु. थेट जेलरसाहेबांच्या टेबलावर. शेपटी फुलली, फस्स.

“साहेब, कुलूप काढा. हे गाऱ्हाणे चौथ्यांदा सांगते आहे, नीट ऐका.
बाई येईनात,
आजोबा बरे होईनात,
काका बरे होईनात,
सगुणा उठेना,
शेंग मिळेना.”

“छे. खोकला मी सात कुलपांत ठेवला आहे. दार उघडले, तर तो पळून जाईल.”

“साहेब, शिपाईकाका संध्याकाळी घरी जातात ना? खोकलाही त्यांच्याबरोबर जातो. तो कुलपांना विचारत नाही.”

“तुला काय कळते? तू एवढीशी, खॉक.” साहेब थांबले. “खॉक खॉक.”

झुपकीने किल्ल्यांकडे पाहिले.

खळ्ळ खट्ट, खळ्ळ खट्ट. साहेबांनी कुलपे काढली, सातही.
मग बाई आल्या. औषध दिले. कोठडीच्या भिंतीत आणखी दोन खिडक्या करायला लावल्या.
मग आजोबा बरे झाले.
मग काका बरे झाले.
मग सगुणा उठली.
दूधवाल्याचा खोकला गप्प. भाजीवालीचा गप्प. साहेबांचाही गप्प.

सगुणाने खिडकी उघडली. शेंग मिळाली. कट्ट. आत दोन दाणे.

एक दाणा झुपकीने खाल्ला. दुसरा तोंडात धरला आणि ती भिंतीवर चढली. तुरुतुरु, तुरुतुरु. नव्या खिडकीशी दगडूआजोबा उभे होते. त्यांनी हात पुढे केला.

दाणा हातात, गोष्ट कानात.