आज कुणाचं डोकं दुखतंय?

"बाबा, खरं सांगा नं. तुमचं डोकं रोज दुखते?"

"रोज."

"एकही दिवस सुटी नाही?"

"नाही."

प्रफुल माझ्याकडे बघून हसला. मी हसलो नाही. माझं लक्ष कुकरकडे होतं. साडेचौदा हजार फुटांवर भात शिजवायचा म्हणजे थट्टा नाही. जरा नजर हलली की खाली करपतो आणि वर कच्चा राहतो, आणि मग सगळे ताटात बघून गप्प बसतात.

मी किसन, जुन्नरचा. यमाजीबाबांच्या तुकडीत स्वयंपाक माझा.

बाबा अकोले तालुक्यातले, डोंगरातल्या गावचे. तरुणपणी गिर्यारोहकांची ओझी वाहिली, मग त्यांनाच वाट दाखवू लागले. आता वय सदुसष्ट. दर फेब्रुवारीत ते माणसं घेऊन स्पितीत येतात, हिमबिबट्या दाखवायला. जंगल सफारीला लोक जिप्सीत बसून जातात. बाबांच्या सफारीला स्वतःचे पाय लागतात. आठ-नऊ दिवस चढायचं, मग बर्फात दुर्बीण रोवून बसायचं. दिसला तर दिसला.

बाबांचा एक नेम आहे. सकाळी चहाच्या आधी सगळ्यांनी गोल उभं राहायचं आणि एकेकाने तीन गोष्टी सांगायच्या. डोकं, पोट, झोप, कारण विरळ हवा आधी तिथेच बाधते, आणि फार बाधली की खाली उतरणं हाच इलाज. सांगितल्याशिवाय चहा नाही. किटली माझ्या हातात असते आणि त्या बाबतीत मी सख्ख्या भावाचंही ऐकत नाही.

सुरुवात बाबा करतात.

"डोकं दुखतंय. पोट बरं. झोप तुकड्यातुकड्यानं."

रोज हेच. मग शेजारचा म्हणतो, माझंही जरा ठणकतंय. त्याच्या शेजारची म्हणते, मला मळमळतंय. पुढे सगळं भडाभडा बाहेर येतं.

प्रफुलला याचा भारी कंटाळा. प्रफुल बोरकुटे, चंद्रपूरचा, वय बत्तीस. दहा वर्षं ताडोबात लोकांना वाघ दाखवले. पंजाचा ठसा बघून नर का मादी ते सांगायचा, आणि खरं सांगायचा. पोरगं हुशार, त्यात वादच नाही. पण तोरा असा, की बर्फानेसुद्धा बाजूला सरून वाट द्यावी!

ताडोबातलं काम सोडून तो बाबांकडे शिकायला आला होता. मार्चमधली तुकडी बाबांनी आपल्या हवाली करावी, एवढंच त्याचं मागणं. बाबा हो म्हणाले तर तो डोंगरातला वाटाड्या. नाही म्हणाले तर परत जिप्सीत, पुढच्या सीटवर. घरी आईला त्याने आधीच सांगून टाकलं होतं, काम झालं म्हणून. बोंबला!

आठ दिवसांत त्याने बाबांना सहा वेळा विचारलं. मी मोजत होतो, मला दुसरं काम काय?

नवव्या सकाळी सातव्यांदा विचारलं.

"बाबा, आज तरी सांगा. मार्चची तुकडी माझी का नाही?"

"संध्याकाळी सांगतो," बाबा म्हणाले. "आज गोल तू सुरू कर."

प्रफुल एकदम खुलला. मला वाटलं, झालं, बाबांनी अर्धी चावी दिली. मी काय ओळखणार, मी आपला भातवाला.

आमचा मुक्काम मेंढपाळांच्या दगडी खोल्यांत होता. खाली दोन तासांवर गाव. वर हजार फुटांवर डोंगराची एक धार. गावातला छेरिंग पहाटेच पलीकडच्या कड्यावर जाऊन बसला होता, आणि नुकताच वॉकीटॉकीवर त्याचा निरोप आला होता. बिबट्या दिसलाय, शिकारीवर बसलाय, दुपारपर्यंत हलायचा नाही. धारेवर या.

नऊ दिवस ज्याच्यासाठी चाललो तो हजार फुटांवर बसलेला. लोकांचे चेहरे बघायला पाहिजे होते.

लोक म्हणजे तिघं. पुण्याचे टेंबे, बँकेतून निवृत्त झालेले. स्नेहल, मालवणची पोरगी, गळ्यात हा एवढा मोठा कॅमेरा. आणि सांगलीच्या विजयाताई सबनीस, शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, एकसष्ट वर्षांच्या. नवरा गेल्यावर पहिल्यांदाच एकट्या कुठे आलेल्या. बिबट्या बघून नातीला पत्र लिहायचं होतं त्यांना. आठ दिवस हेच ऐकत होतो.

गोल झाला. प्रफुलने छाती पुढे काढली.

"डोकं ठणठणीत! पोट ठणठणीत! झोप ढाराढूर! काय धाड भरलीय आपल्याला?"

सगळे हसले.

"आम्हीपण ठणठणीत," टेंबे म्हणाले. काल रात्री हेच टेंबे कपाळाला बाम चोळून घेत होते, तेही माझ्याकडून.

"ठणठणीत," स्नेहल म्हणाली.

विजयाताईंनी पदर सारखा करावा तसा मफलर सारखा केला.

"मी अगदी छान आहे."

...

बाबांची पाळी शेवटी आली. ते खाली बघत राहिले. मी किटली धरून उभा, हात पोळायला लागला.

"डोकं दुखतंय," बाबा म्हणाले. "आज जास्त आहे. मी गावात उतरतो."

प्रफुलने वर धारेकडे बोट दाखवलं.

"आज?" प्रफुल म्हणाला. "आज काहून? बिबट्या बसलाय नं वर!"

"बसू दे त्याला. मला एकट्याला उतरणं जमणार नाही. सोबत कुणीतरी लागेल."

टेंबे बुटांच्या नाड्या बघू लागले. स्नेहल कॅमेऱ्याची काच पुसू लागली. मी म्हणणार होतो, मी येतो, पण बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तोंड मिटलं.

...

"मी येते," विजयाताई म्हणाल्या. "नाहीतरी बूट चावतायत मला."

"उपकार झाले," बाबा म्हणाले.

"अहो, उपकार कसले."

दोघं निघाले. विजयाताई पुढे, बाबा मागे. वीस पावलं चालायची, थांबायचं. पुन्हा वीस पावलं. बाबांचं डोकं दुखत होतं, पण सॅक त्यांनी दोघांच्या घेतल्या होत्या, एक पाठीवर आणि एक पोटावर.

प्रफुल माझ्या कानात म्हणाला, "म्हातारे झाले नं बाबा. मार्चला पुन्हा चढणं जमणार नाही त्यांना."

मला राग आला. पण मी बोललो नाही, आणि त्याची लाज अजून वाटते. कारण मला एक गोष्ट माहीत होती. कोण किती जेवलं ते स्वयंपाक्याला कळतं. चार दिवस प्रफुलच्या ताटातल्या पोळ्या गावातून आमच्या मागे आलेल्या काळ्या कुत्र्याच्या पोटात जात होत्या. कुत्रा गुबगुबीत झाला होता. मी ते कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, आपल्याला काय करायचंय.

तर आम्ही धारेवर गेलो. मी थर्मास घेऊन मागे. प्रफुल सगळ्यात पुढे, आणि काय पाय उचलत होता! दर थोड्या वेळाने दगडाला टेकायचा आणि म्हणायचा, तुम्ही जरा दम घ्या.

धारेवर वारा नुसता कानशिलात मारत होता. प्रफुलने तिपाईवर मोठी दुर्बीण लावली. छेरिंग वॉकीटॉकीवर सांगत होता. लाल दगड, त्याच्या वर, डावीकडे, शेपूट लोंबतंय.

प्रफुलने डोळा लावला. बराच वेळ लावला.

"अहाहा," तो म्हणाला. "काय जनावर आहे!"

मग टेंब्यांनी डोळा लावला. "वा! वा वा वा!"

मग स्नेहलने बघितलं, आणि कॅमेरा लावून धडाधड फोटो काढले. मला बघायला सांगितलं तर मी नको म्हणालो. माझ्या चष्म्यावर बर्फ होता आणि थर्मास उघडायचा होता.

परत येताना प्रफुल एका मोठ्या दगडामागे गेला आणि बराच वेळ आला नाही. आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

चार वाजता बाबा परत वर आले, एकटेच. खोलीच्या दारात बसून त्यांनी बूट झटकले.

प्रफुल धावतच गेला.

"बाबा, हुकलं तुमचं! राजासारखा बसला होता. अंगावरचे ठिपके मोजून घ्या असा!"

"असं का."

"तुमचं डोकं?"

"बरंय."

"आणि ताई?"

बाबांनी दुसरा बूट झटकला.

"फुप्फुसात पाणी झालं होतं. गावातल्या नर्सबाईंनी ऑक्सिजन लावलाय. ओठ निळे होते, आता लाल झाले. जीप आली की खाली नेतील."

...

"सकाळी तर छान आहे म्हणाल्या होत्या," प्रफुल म्हणाला. आवाज एकदम बारीक झाला होता.

"म्हणाल्या होत्या खऱ्या."

"वर आल्या असत्या तर?"

बाबांनी बूट पायात चढवले. आठ दिवस मी त्या बाईला मऊ भात वाढत होतो आणि ती माझ्या पोराच्या शाळेचं विचारत होती.

"किसन, चहा आहे?"

"आहे."

"मग गोल करा."

संध्याकाळी कधी गोल होत नसे. पण आम्ही उभे राहिलो. पाच जण. बाबा कुणाकडेच बघत नव्हते.

"कोण सुरू करतंय?"

टेंब्यांनी प्रफुलकडे बघितलं. स्नेहलनेही. मी किटली खाली ठेवली.

...

...

"दुखतंय," प्रफुल म्हणाला.

"काय?"

"डोकं."

"कधीपासून?"

"पाचव्या दिवसापासून."

"पोट?"

"काही राहत नाही. पोळ्या... किसनभाऊ, माफ करा, कुत्र्याला घालत होतो."

"झोप?"

"बसून काढतो. आडवा झालो की जीव घाबरते."

बाबांनी मान हलवली. पण प्रफुलचं संपलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि त्याने ते पुसलंही नाही.

"आणि बाबा... मला बिबट्या दिसला नाही. दुर्बिणीत सगळं हालत होतं. दगडच दोन-दोन दिसत होते. मी नुसता अहाहा म्हणालो."

वारा पडला होता.

मग टेंबे खाकरले.

"खरं सांगायचं तर... मलाही नाही दिसला. तुम्ही इतकं अहाहा केलंत, म्हटलं आपलीच नजर गेली. आणि डोकं माझंही फुटतंय, परवापासून."

सगळ्यांनी स्नेहलकडे बघितलं.

"मी सत्तर फोटो काढलेत," ती म्हणाली. "दगडाचेच असणार. मला वाटलं फक्त मलाच कळत नाहीये."

मला हसू आवरेना. म्हणजे नऊ दिवस चढून, तीन माणसं धारेवर उभी राहून, एका लाल दगडाला वा वा करून आली! मी हसलो, मग टेंबे हसले, मग ती पोरगी खाली बसून पोट धरून हसायला लागली. प्रफुल रडता रडता हसला. बाबा तेवढे आभाळाकडे बघत होते.

"सामान आवरा," ते म्हणाले. "उजेड आहे तोवर गावात उतरायचं."

टेंबे आणि स्नेहल आत पळाले. मी भांडी गोळा करू लागलो. प्रफुल तिथेच दगडावर बसून राहिला. बुटाची नाडी बांधायचा प्रयत्न करत होता, पण गाठ बसेना.

"मी ताडोबाला परत जातो, बाबा," तो म्हणाला. "आईला फोन करतो आज. तिला काय सांगू ते बघतो."

बाबा त्याच्यासमोर बर्फात गुडघे टेकून बसले. सदुसष्ट वर्षांचा माणूस. त्याचा पाय त्यांनी आपल्या मांडीवर घेतला आणि नाडी बांधायला घेतली.

"बाबा, नका नं असं. मला लाज वाटते."

"हलू नकोस."

एक बूट झाला. त्यांनी दुसरा पाय घेतला.

"आईला फोन कर," ते म्हणाले. "मार्चची तुकडी तू नेणार आहेस असं सांग."

प्रफुल त्यांच्याकडे बघतच राहिला.

"मी? आज? एवढं सगळं ऐकून?"

बाबांनी गाठ ओढून घट्ट केली आणि त्याचा पाय हळूच खाली ठेवला.

"मी सकाळीच उत्तर दिलं असतं, तर नाही म्हणालो असतो."