एकमताचा निकाल

ऱ्हाइन नदीकाठी रब्बी येकुतिएल नावाचे म्हातारे यहुदी धर्मशास्त्री राहत. स्वतःला मोठा न्यायी समजणाऱ्या तिथल्या सरदाराने त्यांना राजद्रोही ठरवलं. भरदरबारात मिशीला पीळ देत तो म्हणाला, “माझ्या बाराही मानकऱ्यांनी एकमुखाने देहदंड सांगितलाय. आता बोला!”

“सरकार, आमच्या शास्त्रात देहदंडावर सगळ्याच न्यायाधीशांचं एकमत झालं, तर आरोपी सुटतो. त्याची बाजू कुणी पाहिलीच नाही, असं आम्ही समजतो. या बारांतल्या कुणी माझी बाजू पाहिली?”

सरदाराने एकेका मानकऱ्याला विचारलं; रब्बींची बाजू कुणीच पाहिली नव्हती. न्यायी म्हणवणाऱ्या सरदाराने रब्बींच्या बेड्या काढायला लावल्या.

रब्बींच्या पाठशाळेत शिष्यांनी जल्लोष केला. रब्बी मात्र कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. तिथे त्यांचा एक शिष्य, शिमशोन, बसायचा. उलट प्रश्न विचारले म्हणून रब्बींनीच त्याला गावाबाहेर काढलं होतं. तेव्हाही सगळे शिष्य एकमुखाने ‘हो’ म्हणाले होते, आणि हे शास्त्र रब्बींना आठवलं नव्हतं.