बेसूर भावाची तबकडी

जनावरं बाजारहाट करायची, तेव्हाची गोष्ट. साळिंदरीण अंगणात पापड वाळत घालत होती, तेवढ्यात कावळा निरोप घेऊन आला. तिचा धाकटा भाऊ गेला होता. त्याच्या गाण्याची एक तबकडी तेवढी मागे राहिली होती.

तबकडी वाजवायला यंत्र हवं, म्हणून ती टोपलीभर बोरं आणि शेजारच्या बेडकाला घेऊन मुंगूसशेठच्या जुन्या बाजारात गेली.

"ताई, हे न्या. दिवे बघा कसे लुकलुकतात!"

"दिव्यांचं काय लोणचं घालू? माझा भाऊ बेसूर गायचा. तो बेसूरपणा तंतोतंत त्याचाच यायला हवा."

तिने बेडकाला त्या लुकलुकत्या यंत्राच्या फिरत्या ताटलीवर बसवलं. ती ताटली सैल रबरी पट्ट्यावर फिरायची, कधी हळू, कधी जोरात. बेडूक आधी "डराऽऽऽव" करत रेंगाळला, मग भिरभिरला. कोपऱ्यातल्या धुळकट, जड यंत्राची ताटली थेट मोटरवरच बसवलेली होती. तिथे त्याचं प्रत्येक "डराव" एकसारखं निघालं.

"हेच द्या."

"त्याच्या दोन टोपल्या."

"आणि सुई कुठाय?"

शेठ ओशाळला. "बरं, एकच द्या. सुईच्या जागी काटे काय, तुमच्या पाठीवर ढीगभर!"

यंत्र घरी आलं, तबकडी चढली. साळिंदरीण काटे निवडत बसली. हा जाड, तो वाकडा. बेडूक कंटाळून घरी गेला.

सरळ, बारीक काटा सापडला, पण गाणं सुरू झालं की संपणारही होतं; तबकडीवर काटा काही तिने टेकवला नाही.