मुदपाकखान्यातलं मेज

एका राज्यात तीन वर्षं अन्नाला चव नव्हती. मीठ मातीसारखं लागे, गूळ भुशासारखा. राजवाड्यातला आचारी बल्लाळ नाहीसा झाला त्या दिवसापासून हे असंच चाललं होतं. आचारी पळून गेला, असं कोतवालाने लिहून टाकलं. बल्लाळाची बायको वेणाई रंगारीण मात्र रोज दोन पानं मांडत राहिली.

एकदा जुन्या बाजारात तिला एक मेज दिसलं. गिऱ्हाईक वरचा रंग बघतं. वेणाई वस्तू उलटी करून बघणारी. मेज उलटं केलं, तर फळीतून हिंगाच्या फोडणीचा वास आला. विकणारा भला माणूस, आपणहून म्हणाला की हा वाड्यातला टाकाऊ माल आहे, एक पाय मोडका आहे नि काळ्या रंगाचे पोपडे सुटलेत. वेणाईने जन्मात पहिल्यांदा घासाघीस केली नाही, तेव्हा विकणाराच घाबरला.

मेज अंगणात टेकवताच एक सुतारपक्षी फळीवर येऊन बसला. त्याने चोचीने तीन टोले मारले नि माणसासारखा बोलला.

"बाई, तुझा धनी ह्यात आहे. कर्दम मांत्रिकाने राजाच्या ताटात विष कालवायला सांगितलं, ह्याने नाही म्हटलं. त्याने ह्याला मुदपाकखान्यातल्या ह्याच्याच मेजाच्या लाकडात घातलं नि वर तीन रंग चढवले. आजपासून पाचव्या दिवशी सूर्य मावळताना तीन वर्षं भरतात. मग तो लाकूडच."

"रंग उतरवते," वेणाई म्हणाली.

"उतरव. पण फळीवरची एकही खाच बुजवू नकोस. प्रत्येक खाच हा त्याचा एकेक दिवस आहे."

खाच दिसली की खळ भरायची, ही रंगाऱ्याच्या हाताची खोडच. तरी ती हो म्हणाली.

पहिला रंग काळा. तिने तो राखेच्या पाण्याने चोळला, तर त्याचे कावळे झाले नि उडून गेले. दुसरा पिवळा. चुन्याच्या निवळीने धुताच तो गांधीलमाश्या होऊन घोंगावत निघून गेला. तिसरा लाल, तो राखेला बधेना, चुन्याला बधेना. त्याला खरवताची पानं लागतील, असं पक्ष्याने सांगितलं. मांजराच्या जिभेसारखी खरखरीत असतात ती, लाकूड घासायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. आणि झाड राज्यात एकच, कर्दमाच्या दारात.

कर्दम ओट्यावर सुपारी कातरत बसला होता. त्याने तिला या-बसा केलं, गूळपाणी विचारलं.

"पानं ने की, बाई. बदल्यात तुझ्या डोळ्यांतला लाल रंग ठेवून जा."

"घ्या," वेणाई म्हणाली.

त्याने तो कुपीत धरला नि बूच लावलं. परतताना कुंपणावरची जास्वंद तिला राखेसारखी दिसली. घरी आरशात पाहिलं, तर कपाळ कोरं. ती आरशासमोरून उठली नि कामाला लागली.

लाल दिसत नव्हता, म्हणून तिने तो तळव्याने चाचपून काढला. गुळगुळीत लागे तिथे रंग, रवाळ लागे तिथे लाकूड. तीन दिवस घासलं. भुकटीचे निखारे होत नि आपोआप विझत. खाली सागाचं उघडं अंग आलं. त्यावर हळदीचे डाग होते, पातेल्याच्या बुडाचं काळं कडं होतं, सुरीच्या शेकडो खाचा होत्या. तिने एकीलाही हात लावला नाही. मोडका पाय तेवढा जोडला, सांध्यात गेरू कालवलेली चिंचोक्याची खळ भरली, नि बोट पुसलं ते सवयीने मेजाच्या कडेला.

मग पायांना निळा रंग दिला, फळीला जवसाचं तेल पाजलं. पाचव्या दिवशी सूर्य टेकला, फडक्याचा शेवटचा हात फिरला, आणि ओट्यावरून उतरावं तसा बल्लाळ मेजावरून खाली उतरला. तिकडे वाड्यात राजा घास घेता घेता थांबला. त्याला मीठ लागलं होतं. कर्दमाची कुपी फुटली. तिच्याबरोबर कर्दमही फुटला, नि ओट्यावर नुसता अडकित्ता उरला.

बल्लाळाने वेणाईला हात जोडले.

"आपण कोण?"

वेणाई फडकं धरून उभी राहिली. तेवढ्यात तिच्या डोळ्यांत लाल परतला. लुगड्याचा काठ पेटल्यासारखा दिसला, आणि मेजाच्या कडेला दिसला एक लाल ठिपका. तिथली खाच बुजली होती, तिच्याच बोटाने.

तिने अंबाड्यातला आकडा काढला नि खळ कोरू लागली. तेलाने ती मऊ पडली होती. शेवटचा कण निघाला.

बल्लाळाने खाचेवर अंगठा ठेवला.

"तू पहिल्यांदा मुदपाकखान्याच्या भिंती रंगवायला आलीस ना, तेव्हा सुरी सटकली होती माझी," तो म्हणाला. "अगं, हात बघ किती माखलेत. धू आधी. जेवलीस का?"

त्या राज्यात अजूनही मेजाचे पाय निळे रंगवतात नि फळी कोरी ठेवतात. आणि त्या संध्याकाळी वेणाईच्या घरी मांडलेल्या दोन्ही पानांवर माणसं जेवली.