शाल पांघरलेला संगणक

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे, देवाशप्पथ. मी स्वतः तिथे हजर होतो. म्हणजे शेजारच्या खोलीत होतो. अगदीच खोलात शिरलात तर शेजारच्या गावात होतो. पण त्या दिवशी वारा तिकडून इकडे वाहत होता. तेव्हा शंका न काढता ऐकावे.

एकदा एक वृद्ध गुरुजी होते. संकेतस्थळे बांधणे हा त्यांचा व्यवसाय. इंटरनेटच्या बारशाच्या घुगऱ्या खाऊन आलेल्या मोजक्या मंडळींपैकी ते एक, असे म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो. त्यांच्याजवळ एक शिष्य शिकत असे. हाताला चपळ, रंगांचा पारखी, आणि स्तुतीची भूक अंमळ जास्त.

एके दिवशी हळदीचे एक व्यापारी त्यांच्याकडे आले.

"गुरुजी," ते म्हणाले, "आई गेल्यावर मला आक्कानं वाढवलं. आमची आक्का साप्ताहिकात झाडांवर लिहायची. आता तिची नजर गेली आणि तिनं लिहिणंच टाकलं. म्हणते, जे मला परत वाचता येणार नाही, ते मी कुणाच्या भरवशावर लिहू? तिचे लेख संकेतस्थळावर लावा. पान बोलून दाखवणारा प्रोग्रॅम असतो ना? स्वतःचं ऐकलं, तर कदाचित पुन्हा लिहील."

गुरुजींनी काम शिष्यावर सोपवले. शिष्याने एक फ्रेमवर्क घेतले. फ्रेमवर्क म्हणजे संकेतस्थळाचा तयार साचा; आपण मजकूर ओतायचा, पाने तो पाडून देतो. शिष्याने लेख ओतले आणि मग मनापासून सजावट केली. शीर्षके हळदीच्या रंगाची, समासात शेवग्याच्या पानांची वेलबुट्टी. त्यात कष्ट होते, माया होती. हे कबूल केले पाहिजे.

ठरल्या दिवशी व्यापारी आक्कांना हाताला धरून घेऊन आले. गुरुजींच्या खांद्यावर त्यांनी शाल घातली, हातात नारळ दिला. शिष्य संगणकापुढे बसला आणि म्हणाला, "आता बघा हं!"

"छान झालंय हो," आक्का लगेच म्हणाल्या.

पान अजून उघडायचे होते. पडद्यावर नुसते चक्र फिरत होते. हे एकट्या गुरुजींच्या लक्षात आले.

मग पान उघडले. व्यापारी हरखले. "आक्का, अगं, आपल्या हळदीचाच रंग गं!" शिष्य गुरुजींच्या तोंडाकडे पाहू लागला. गुरुजी उठले, खांद्यावरची शाल काढली आणि पडद्यावर नीट पांघरून टाकली.

"अहो गुरुजी, शाल तुम्हाला होती!" व्यापारी म्हणाले. "यंत्राचा कसला सत्कार करताय?"

गुरुजी शिष्याला म्हणाले, "आता दाखव."

"काय दाखवू? दिसतंय कुठे?"

"मग ऐकव."

शिष्याने बोलणारा प्रोग्रॅम सुरू केला. संगणक बोलू लागला खरा, पण मराठी शब्द परक्या जिभेवर ठेचकाळत, एकमेकांवर आपटत बाहेर पडू लागले. शीर्षक कुठे संपले, लेख कुठे सुरू झाला, काही कळेना. आक्का कान देऊन ऐकत होत्या.

"हा कुठला गोरा साहेब रे माझी झाडं चघळतोय?" त्या म्हणाल्या.

सगळे हसले. हसू ओसरल्यावर आक्कांनी चाचपत काठी घेतली. "चल बाळ, उगाच या लोकांचा वेळ नको."

शिष्याचा चेहरा उतरला. "गुरुजी, आतलं सगळं मी केलं. पण प्रत्येक पानाभोवतीचं कवच फ्रेमवर्क घालतं. ते आपल्या हातात नसतं."

"त्या कवचाची पहिली ओळ वाच."

शिष्याने जुन्या काळच्या फोटोग्राफरसारखे शालीत डोके घातले. आतून आवाज आला, "इथं लिहिलंय, हे पान इंग्रजी आहे."

"आणि शीर्षकं?"

शाल आणखी पुढे सरकली. "ती मी नुसती मोठी आणि पिवळी केलीत. शीर्षक आहे असं कुठं सांगितलंच नाही." मग त्वेषाने, "थांबा, या साच्याचंच पोट फाडतो!"

"त्याला कशाला फाडतोस?" गुरुजी म्हणाले. "उद्या त्याची नवी आवृत्ती आली की तुझे टाके उसवतील. साचा करणाऱ्यानं सगळ्या जगासाठी साचा केला. त्यातून आक्का बोलणार आहेत, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? पण आपल्याला सगळं ठाऊक नाही, एवढं त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं जागा सोडली आहे. त्याच नावाची कवचाची फाइल तुझ्या फोल्डरात ठेव; तो आपली बाजूला सारून तुझी घेईल. तुला वाटलं, कवच कुणाला दिसत नाही, मग राहू दे जसं आलं तसं. अरे, तुझा पिवळा रंग ज्यांना दिसत नाही, त्यांचं पान त्या पहिल्या ओळीपासूनच सुरू होतं. पान उघडण्याआधीच आक्का 'छान' म्हणाल्या. माणूस असं कधी म्हणतं? आपल्यासाठी काही असेल, ही आशा सोडल्यावर."

आक्कांनी काठी पुन्हा भिंतीला टेकवली.

शिष्याने स्वतःचे कवच लिहिले. पान मराठी आहे, असे पहिल्या ओळीत सांगितले. शीर्षकांना शीर्षक म्हटले. आणि शालीखालून शांत, स्वच्छ आवाज आला:

"शेवगा. शेवग्याचं लाकूड फार फार ठिसूळ. त्यावर चढू नये असं बजावूनही जो चढतो, तो माझा धाकटा भाऊ."

व्यापारी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"थांबव," आक्का म्हणाल्या. शिष्य घाबरला. "एक 'फार' काढ. दोनदा कशाला? ठिसूळ म्हटलं की मोडतंच." मग किंचित थांबून, "आणि नवं काही सांगायचं झालं, तर कुणाला सांगू? घेशील लिहून?"

शिष्याने स्तुतीची वाट न पाहता कोरे पान उघडले.

आता, यात बनावट किती ते सांगतो. कवच एका झटक्यात जमले, हे मी रचले. प्रत्यक्षात शिष्याची सारी दुपार त्यात गेली. दर खेपेला काहीतरी चुके आणि साहेब पुन्हा झाडे चघळू लागे. शिष्याने कंटाळून हात टेकले, की आक्का त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणत, "असू दे रे, मला घाई नाही. पुन्हा लाव."